डग्ग्याची दाढ

“ह्याचं शेपूट कुठाय?” डॉक्टरांनी विचारलं.

“घरून निघताना होतं,” मी म्हणालो. “रिक्षात गळलं असेल.”

डॉक्टर हसले नाहीत. गुरांच्या दवाखान्यातला माणूस. उजव्या हाताला खांद्यापर्यंत रबरी मोजा, मागे खोड्यात उभी केलेली म्हैस, आणि म्हशीपेक्षा जास्त वैतागलेला तिचा मालक. अशा वेळी कुणी द्राक्षांच्या खोक्यात टॉवेल अंथरून भाकरीच्या उंड्याएवढं, मान नसलेलं, शेपूट नसलेलं जनावर पुढे केलं, तर हसायला कुणाला सुचणार?

“गिनीपिग आहे साहेब. नाव डग्गा. काही खात नाही.”

“गिनीपिग होय.” मोजा नसलेल्या हाताच्या बोटाने त्यांनी डग्ग्याला हळूच ढोसलं. “कॉलेजात होते आमच्याकडे. पण आम्ही ह्यांच्यावर प्रयोग करायचो हो. बरं कधी कुणाला केलं नाही.”

“मग आता करा की,” माझ्या मागून अक्का म्हणाली.

“आजी, माझ्याकडची सुई ह्याच्या एका बाजूने घातली तर दुसऱ्या बाजूने बाहेर येईल.”

म्हशीचा मालक खोक्यात डोकावला. “उंदराला दवाखाना,” तो म्हशीला म्हणाला, “आणि आपण लाईनीत.”

डॉक्टर मनाचे सरळ. मला ह्यातलं कळत नाही म्हणाले, सांगलीला कुत्र्यांचा मोठा दवाखाना आहे तिथे जा म्हणाले, आणि म्हशीकडे वळले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी मनोहर बेडगकर, तेव्हा रेल्वेतून नुकताच रिटायर झालो होतो. जन्म सगळा मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात गेला. पार्सल ऑफिसात बसणाऱ्या माणसाला गोष्टी शोधत हिंडावं लागत नाही, त्या खोक्यात भरून, सुतळीने आवळून त्याच्या टेबलावर येतात. हुबळीहून आलेल्या मगरीने सही करायला माझ्याकडे पेन मागितलं, ती गोष्ट मिरजेत अजून सांगतात. मीच सांगतो. एकदा बर्फातल्या मासळीबरोबर रत्नागिरीकडून एक अख्खी थंडी पार्सलात आली आणि आठवडाभर प्लॅटफॉर्म सोडून जाईना, तीही सांगतो. रत्नागिरीला थंडी कुठून आली, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, म्हणून तर तिला तिथून बाहेर काढलं.

ह्या गोष्टींना आमच्या घरात एक पद्धत होती. मी बोलून संपवलं की ऐकणारा माझ्याकडे बघायचाच नाही. तो अक्काकडे बघायचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण हौसाबाई. हातातलं काम न थांबवता ती निकाल द्यायची. “दोन आणे खरं.” किंवा, “चार आणे.” मगरीला तिने एक आणा दिला होता, तोही मगर खरोखर आली होती म्हणून. आठ आण्यांच्या वर मी उभ्या आयुष्यात गेलो नाही. अक्का स्वतः मात्र कधी खोटं बोलायची नाही. तरुणपणी नवरा गेला, माहेरी आली, आईवडलांच्या मागे मला तिने सांभाळलं, मी लग्नाचं टाळलं तेव्हा वर्षभर अबोला धरला. पण खोटं म्हणून बोलली नाही. त्यामुळे तिच्या बोलण्याला आणे लावायचं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गिनीपिग आमचे नव्हते. शेजारच्या कमलताई आरग्यांची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली, तिथे प्राणी चालत नाहीत, आणि कमलताईंना असल्या प्राण्यांची किळस. म्हणून ते जोडपं आमच्या पडवीत आलं. जोडपं म्हणजे दोघे भाऊच. एक लांबुडका, ताठ बसणारा, त्याचं नाव मी तबला ठेवलं. दुसरा गोल, जाड, काळपट, तो डग्गा. “उंदरं घरात नकोत,” असं अक्का पहिल्या दिवशी म्हणाली. आठवड्याभरात पहिली पोळी त्यांची आणि दुसरी माझी, अशी व्यवस्था झाली. कोथिंबिरीच्या जुडीचा कागद वाजला की दोघे अशी शिट्टी मारायचे, की जंक्शनवरच्या गार्डाने ऐकली असती तर गाडी सोडली असती.

मग डग्ग्याने खाणं टाकलं. भांड्याजवळ जायचा, तोंड घालायचा, पण कोथिंबीर परत खाली पडायची. अक्काने भांडंच उचलून ठेवलं. तिच्याकडे माणसापासून वासरापर्यंत सगळ्यांना एकच औषध होतं, लंघन. ताप आला, लंघन. पोट दुखलं, लंघन. मन उदास झालं तरी तेच. स्वतःलाही तिने कधी सवलत दिली नाही. त्या वर्षी तर तिचे उपास फारच वाढले होते. सोमवार पहिल्यापासून होताच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला, दोन्ही एकादश्या आल्या. नुसत्या गार दुधावर राहायची. ब्लाऊज ढिले झाले. कमलताई कौतुकाने म्हणायच्या, “ह्या वयात केवढं करता अक्का. चेहऱ्यावर तेज आलंय.” मशेरीसुद्धा तिने सोडली होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड जन्मभर तिच्या डाव्या गालात असायची. ती सुटली माझ्या सांगण्यावरून, असं मी गल्लीभर सांगत होतो. अक्काने त्याला आणे दिले नाहीत. तोंडाला पदर लावून आत गेली.

तर, सांगली.

सांगलीचा तो दवाखाना म्हणजे काचेचं दार, गार हवा आणि भिंतीवर कुत्र्यांच्या हजामतीचे फोटो. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारा. त्याने डग्ग्याला टेबलावर ठेवलं. अल्सेशियनसाठी केलेल्या त्या टेबलावर डग्गा कुणाच्यातरी विसरलेल्या चपलेसारखा दिसायला लागला.

“वय काय?”

“माझं की ह्याचं?”

“दोघांचं सांगितलंत तरी चालेल काका,” तो म्हणाला आणि डग्ग्याचं पोट दाबून बघायला लागला. दाबलं, ठोकलं, नळी लावून ऐकलं. “पोट फुगल्यासारखं वाटतंय. उद्या भूल देऊन फोटो काढू. तोवर काही खायला देऊ नका. पाणीसुद्धा नको.”

“बघ,” अक्का मला म्हणाली. “शिकलेला माणूस. तोबी लंघनच सांगतोय.”

परत येताना रिक्षात ती खोकं मांडीवर घेऊन समाधानाने बसली होती. स्टेशन आलं तशी एकदम म्हणाली, “त्यानं तोंड बघितलं न्हाई.”

“कुणाचं?”

“डग्ग्याचं. पोटच दाबत बसला. खात न्हाई म्हटल्यावर आधी तोंड बघाय नको व्हय?”

“तोंडात काय असणार त्याच्या?”

अक्का रस्त्याकडे बघत राहिली.

सकाळी मी खोक्यात हात घातला आणि हबकलो. डग्गा गार पडला होता. जिवंत होता, पण गार. कोपऱ्यात पाठ वर काढून, केस फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. तबला त्याला चिकटून. अक्काने कोथिंबिरीची जुडी सोडली. कागद चांगला वाजला. दोघांपैकी कुणीही शिट्टी मारली नाही.

“मन्या,” अक्का म्हणाली. तिचा तसला आवाज मी एकदाच ऐकला होता, आई गेली तेव्हा. “हे मरतंय रे.”

“नेऊ या की. फोटो काढणार आहेत आज.”

“त्याच्याकडं न्हाई न्यायचं. तोंड बघणारा डॉक्टर शोध.”

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. अर्ध्या कर्नाटकातून लोक इथे बरे व्हायला येतात. आमच्या गल्लीत उभं राहून कुणी जोरात खोकलं तर खिडक्याखिडक्यांतून डॉक्टर डोकावतात. ते सगळे माणसांचे. मी धावत बाजारात गेलो, लव्हबर्ड विकणाऱ्या रफीकच्या दुकानी. त्याने पिंजऱ्यात दाणे टाकता टाकता ऐकून घेतलं.

“जयसिंगपूरला मुजावर मॅडमकडं न्या काका. पाखरांच्या चोची त्याच घासून देतात.”

“त्या काय बघतात नक्की?”

“कोंबड्या, ससे, असलंच. ज्याला कुणी बघत न्हाई ते सगळं.”

एसटीत कंडक्टरने खोक्याकडे बोट केलं. “आत काय हाय?”

“डग्गा आहे. पेशवाईतला. दुरुस्तीला चाललाय.”

कंडक्टरने खोक्याच्या भोकाला डोळा लावला. “हलतोय की ह्यो.”

“कातडं जिवंत आहे. म्हणून तर आवाज चांगला येतो.”

कंडक्टरने, सगळे बघतात तसं, अक्काकडे बघितलं. अक्काने आणे दिले नाहीत. “तिकीट दे बाबा लवकर,” म्हणाली, आणि खोक्यावर हात ठेवून डोळे मिटून बसली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मुजावर मॅडमचा दवाखाना गणपतीच्या देवळाला लागून असलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. बाई चाळिशीच्या, ओढणी कमरेला खोचलेली, चष्मा कपाळावर. बाकावर एक कोंबडा आणि त्याचा मालक आमच्या आधी नंबर लावून बसले होते. मॅडमनी खोक्यात एक नजर टाकली आणि कोंबड्याच्या मालकाला म्हणाल्या, “तुमचा थांबेल. हा थांबणार नाही.”

डग्ग्याच्या पोटाखाली गरम पाण्याची पिशवी गेली. कातडीखाली सलाईन टोचलं गेलं, आणि एक दुखणं कमी करायचं इंजेक्शन.

“उपाशी कधीपासून आहे?”

“लंघन दिलतं...” अक्काने सुरुवात केली.

“कुणी सांगितलं?”

आम्ही दोघेही देवळाच्या कळसाकडे बघायला लागलो. तो खिडकीतून दिसत होता.

“ह्यांना उपास चालत नाही आजी,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “एका वेळचासुद्धा नाही. कुत्र्याचं, माणसाचं पोट रिकामं राहू शकतं. ह्यांचं आतडं सारखं चालू लागतं. खाणं थांबलं की ते थांबतं. मग मूळ आजार राहतो बाजूला, हे उपासानेच मरतात.”

अक्का बाकावर बसली. जन्मभर सगळ्यांना दिलेल्या तिच्या एकुलत्या औषधाला कुणीतरी समोरासमोर विष म्हटलं होतं. कोंबड्याच्या मालकाने सरकून तिला जागा दिली.

“अंग गरम होऊ दे ह्याचं. मग तोंड बघू.”

“तोंड,” अक्का माझ्याकडे बघून म्हणाली.

मधल्या वेळात मॅडमनी सगळ्यांना चहा आणि खारी मागवली. अक्काने कप हातात धरला, खारीला हात लावला नाही.

“घ्या की आजी.”

“उपास हाय मला.”

“आज कसला?”

“संकष्टी.”

मॅडमनी बशी माझ्याकडे सरकवली. अक्काच्या वाटणीची खारी मी खाल्ली.

डग्ग्याचं अंग ऊबदार झाल्यावर मॅडमनी त्याला टॉवेलात गुंडाळून अक्काच्या हातात दिलं. कान तपासायची बॅटरी असते ना, पुढे छोटं नरसाळं असलेली, ती त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारली. बराच वेळ बघितलं.

“या, तुम्हीही बघा. खालच्या दाढा दोन्हीकडून वाढून मधे टेकल्यात. जिभेवर पूल झालाय. जीभ त्याच्याखाली अडकलीय, तर घास मागे कसा जाणार? काय घालता खायला?”

“पोळी,” अक्का म्हणाली. “दूधभात. साय असली तर साय.”

“लाड चांगले आहेत. पण ह्यांच्या दाढा मरेपर्यंत वाढत राहतात. दिवसभर गवत चावलं तर झिजतात. सायीने कशा झिजतील?”

“पण खात हुता की ह्यो. परवापतुर भांड्याजवळ जात हुता, तोंड हलवत हुता.”

“नाटक करत होता.”

“डग्गा?” मी म्हणालो. घरात ते काम माझ्याकडे होतं.

“सगळेच करतात. कळपात आजारी दिसला की घार आधी त्यालाच उचलते. म्हणून हे शेवटपर्यंत लपवतात. भांड्यात तोंड घालतात, जबडा हलवतात, आत काही जात नाही. घरचे म्हणतात, खातोय की. मला दुसरंच बघायला लागतं. हनुवटी ओली आहे का. वजन उतरलंय का. पाठ वर काढून बसतो का. एकाच बाजूने चावतो का.”

हे बोलताना मॅडम डग्ग्याकडे बघत नव्हत्या. ते मला दिसलं, कळलं मात्र नाही.

मग त्या डग्ग्याला घेऊन आत गेल्या. आतून सोनाराच्या दुकानात येतो तसला बारीक घासल्याचा आवाज यायला लागला. अक्का दाराला हात लावून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. आवाज थांबला तेव्हा तिने एवढा मोठा श्वास सोडला की कोंबडा दचकला.

डग्गा बाहेर आला तो गुंगीत, जबडा सैल, टॉवेलातून नाक तेवढं बाहेर. तो पुरता जागा होईस्तोवर मॅडम त्याच्याजवळ बसून राहिल्या. मग गवताच्या पुडीचं हिरवं पातळ पीठ कालवून त्यांनी सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरलं आणि त्याच्या गालात थेंब थेंब सोडलं. डग्ग्याने जीभ हलवली. गळा हलला.

“गेला,” मॅडम म्हणाल्या. “घोट गेला.”

अक्काने डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर ओठांच्या कोपऱ्याला. मॅडमनी हात धुतले. बॅटरीवरचं नरसाळं काढून धुतलेलं दुसरं बसवलं.

“आजी, आता तुम्ही.”

“मी काय?”

“आ करा.”

“मी काय जनावर हाय व्हय?”

“उपास कसला म्हणालात मघाशी?”

“संकष्टी.”

“संकष्टी गेल्या आठवड्यात झाली. खालच्या देवळात आरतीला एवढा मोठा कर्णा लावला होता, की माझ्या सशांनी पिंजऱ्याला धडका घेतल्या. तुमची तिथी चुकेल, माझी चुकायची सोय नाही.”

मी हसलो. हसताना अक्काकडे बघितलं आणि हसू तोंडातच राहिलं. ती खाली मान घालून बसली होती, चोरी पकडल्यासारखी. अक्का खोटं बोलली होती. मिरज जंक्शन एका रात्रीत रूळ उचलून कोल्हापूरला गेलं असतं, तरी मी एवढा हादरलो नसतो.

“चहाची वाफ जाईपर्यंत तुम्ही कप धरून बसलात,” मॅडम म्हणाल्या. “गार झाल्यावरसुद्धा उजव्या कोपऱ्यातून एक घोट घेतलात. पदराचं टोक ओलं आहे. माझे पेशंट बोलत नाहीत आजी. त्यामुळे बोलण्याकडे माझं फारसं लक्ष नसतं.”

कोंबड्याच्या मालकाने कोंबड्याला काखेत घेतलं आणि तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

अक्काच्या मांडीवर डग्गा होता. तो आपली सुटलेली जीभ नाकावरून फिरवत होता, पुन्हा पुन्हा, जीभ आहे ह्याची खात्री करून घेत असल्यासारखा. अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

मॅडमच्या खांद्यावरून मी बघितलं. डाव्या गालाच्या आत, मशेरीच्या जागेवर, जोंधळ्याच्या लाह्या चिकटाव्यात तसं काहीतरी पांढरं, फुटलेलं. मधे लाल खड्डा. माझ्या हातातलं रिकामं खोकं खाली पडलं.

मॅडमनी बॅटरी बंद केली. “मी माणसांची डॉक्टर नाही. हे काय आहे ते मी सांगणं बरोबर नाही. पण मिरजेत आजच दाखवा. उद्या नाही.”

“कधीपासून आहे हे?” मी अक्काला विचारलं.

“द्राक्षं आली तवापासनं.”

द्राक्षं संपली होती, आंबे संपले होते. बाजारात पेरू आले होते.

“म्हणजे ते सगळे उपास...”

“जळत हुतं रे. घास फिरवता येत न्हवता. उपास हाय म्हटलं की कुणी इचारत न्हाई. वर पाया पडत्यात.”

“मला तरी सांगायचंस.”

“तुला?” अक्काने पहिल्यांदा वर बघितलं. “सगळ्या गल्लीला सांगितलं असतंस, हौसाक्काच्या गालात मगरीनं अंडं घातलंय.”

मी खाली पडलेलं खोकं उचललं.

तीच पुढे म्हणाली, “आईचंबी असंच हुतं. दाखवलं, कापलं, गेली. त्यापेक्षा न दाखवलेलं बरं.”

“आई दाखवलं म्हणून गेली नाही, अक्का. उशिरा दाखवलं म्हणून गेली. तिनेही लपवलं होतं.”

अक्काने सवयीने माझ्याकडे रोखून बघितलं, किती आणे ते ठरवत असल्यासारखी. मग ती डग्ग्याला टॉवेलात नीट गुंडाळायला लागली. येणार नाही असंच मला वाटलं. तिचा नकार असाच असायचा, काहीतरी घडी घालण्यातून.

“ह्याच्या दाढा परत वाढणार,” मॅडम म्हणाल्या. “अधूनमधून आणायला लागेल. तोपर्यंत दिवसातून बऱ्याच वेळा हाताने भरवायला लागेल. तुम्ही तिकडे जाऊन दाखवल्याशिवाय पुढच्या खेपेला मी ह्याला हात लावणार नाही.”

“म्हातारीला अडवून धरताय व्हय?”

“हो.”

अक्का डग्ग्याशी बोलल्यासारखी म्हणाली, “बघ रे. तुझ्यापायी जायाला लागतंय.”

परतीच्या एसटीत कंडक्टर तोच होता. “झाला का दुरुस्त?” त्याने विचारलं. मी तिकिटाचे पैसे पुढे केले. अक्कानेच सांगितलं, “ह्यो झाला.”

मिरजेत तपासणी झाली, जी नावं ऐकायची नव्हती त्यातलं एक ऐकलं, आणि पुढच्याच आठवड्यात अक्काच्या गालाचा तुकडा काढून तिथे मांडीची कातडी लावली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “आणखी महिनाभर थांबला असता तर जबडा काढावा लागला असता, आणि तरीही मी खात्री दिली नसती. तुम्हाला पाठवलं कुणी?”

“गिनीपिगच्या डॉक्टरने,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नर्सकडे बघितलं, आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

अक्का घरी आली ती नाकातल्या नळीवर, मग सिरिंजवर. आमच्या ओट्यावर दोन सिरिंजा शेजारी शेजारी असायच्या. एक डग्ग्याची, हिरव्या पिठाची, एक अक्काची, राजगिऱ्याच्या पातळ खिरीची. दोघांना एकाच वेळी भूक लागायची आणि दोघांचे डोळे माझ्यावर असायचे. एकदा माझ्या हातून अदलाबदल झाली. डग्ग्याला खीर आवडली. अक्काला काय वाटलं ते तिला सांगता येत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी तिच्या केसांना अशी चकाकी आली की कमलताई तेल कुठलं म्हणून विचारायला लागल्या.

लंघन हा शब्द आमच्या घरातून गेला. मशेरीचा डबा अक्काने स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकला.

पेरू संपून परत द्राक्षं आली तेव्हाची गोष्ट. पडवीत ऊन आलं होतं. अक्का जोत्यावर बसली होती. तोंड डावीकडे ओढलेलं, बोलणं जड, त्यामुळे नेमकं तेवढंच बोलायची. कमलताई तिच्या शेजारी. डग्गा आणि तबला गवताच्या ढिगात. कमलताईंनी विचारलं, अहो, त्या जनावरांच्या बाईला कळलं तरी कसं?

मी खुर्ची पुढे ओढली.

“त्यांना कुठे कळलं. डग्ग्याने सांगितलं. दाढा घासून झाल्या, गुंगी उतरली, तसा हा टॉवेलातून सुटला तो तडक अक्काच्या खांद्यावर. तिथून तिच्या डाव्या गालाला नाक लावलं आणि अशी शिट्टी मारली, की खालच्या देवळात लोकांनी आरती सुरू केली. मॅडमच्या हातातली सिरिंज पडली. म्हणाल्या, थांबा, हा मला काहीतरी दाखवतोय.”

कमलताई माझ्याकडे बघत नव्हत्या. पद्धतीप्रमाणे त्यांनी अक्काकडे मान वळवली.

“किती आणे हो अक्का?”

अक्का कोथिंबिरीच्या जुडीचा कागद सोडत होती. कागद वाजला आणि गवताच्या ढिगातून दोघांनी एकदमच शिट्टी मारली. तिने एक काडी डग्ग्याला दिली, एक तबल्याला, आणि त्यांच्या दाढांचा आवाज येतो का ते ऐकत थांबली.

“सोळा आणे,” ती म्हणाली.

कमलताईंचा आ वासला. मी खुर्चीत मागे टेकलो. सोळा आणे तिने मला जन्मात दिले नव्हते.

अक्काने ओढलेल्या तोंडाने पुढचे शब्द सावकाश जुळवले.

“पण शिट्टी एकदा न्हाई, दोनदा मारली. ह्यो कायम कमीच सांगतोय.”